उमरीकर बाईंची बादली

सकाळी सव्वासहाला
जिंतूर रोडपासून घंटागाडी सुरू होते माझी.
बारा वर्षं झाली, परभणीत मी घरं बघत नाही,
बादल्या बघतो.
कुणाकडं पाव्हणे उतरलेत, कुणाची शुगर वाढली,
कोण रात्री बाराला मोबाइलवर चपला मागवतो
आणि सकाळी खोकं हळूच
शेजाऱ्याच्या दारापुढं सरकवतो,
सगळं ठाऊक.

उमरीकर बाईंची बादली मात्र कळेना.
आधी एक दिवसाआड यायची,
मग आठवड्यातून एकदा,
पोळ्यानंतर तर नुसतंच दार.
म्हटलं, पोराकडं गेल्या असतील पुण्याला.
तर बाई अंगणात,
कढीपत्त्याच्या बुडात तांदळाचं धुवण ओतत उभ्या.

"बाई, कचरा?"
"नाही रे बाबा आज."
"काहून?"
"आणलंच नाही काही. टाकू काय?"

गाडीच्या मागं लटकून
दिवसभर मी हे वाक्य चघळत राहिलो.

मुकादम म्हणाला,
असली घरं वाढली तर वजन कुठून आणायचं?
बिल टनावर निघतं.
आत्ताच खाली दोन घमेली मुरूम टाकावा लागतोय.
तो हसला.
मीही हसलो, पगार व्हायचा होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर
माझ्याच घरची बादली पेपरवर पालथी केली.
करुणा म्हणाली, डोकं फिरलं का तुमचं?
शांपूच्या सहा पुड्या,
चहापत्तीच्या अकरा,
पाच रुपयेवाले बिस्किटाचे कागद,
पाव किलो तेलाचं पाकीट, पिळून पिळून चपटं झालेलं.
बाई मोंढ्यातून वर्षाची तूर आणतात
कापडी पिशवीत, स्वतःच्या.
आमचं वर्ष एकाच दिवसाचं.
त्या दिवसाला एक पुडी लागते,
अन् पुडीला कागद.
माल चिमूटभर, चकाकी हातभर.
बाईंना कमी घेणं जमतं,
कारण त्या एकदम घेऊ शकतात,
हे मला कळलं, आणि थोडा रागही आला.
बाईंचा नव्हे. कुणाचा, ते अजून सापडलं नाही.

मग संबोधीचा वाढदिवस आला.
यादी झाली होती:
कागदी ग्लास तीस, थर्माकोलच्या वाट्या तीस,
चमकीच्या टोप्या, फुगे.
करुणानं यादी वाचली, बादलीकडं बघितलं,
पदर खोचला आणि गल्लीत गेली.
दोन घरांतून सहा, तिसऱ्यातून चार,
नूरजहाँ आपांनी तर ट्रेसकट डझनभर दिले
स्टीलचे ग्लास.
ताटल्याही तशाच आल्या. सुशीला पुरली,
लिंबाचं सरबत पुरून उरलं.
फुगे मात्र आणले.
पोरगी फुग्यांवर हटून बसली,
मीही फार ताणलं नाही.

रात्री ग्लास घासून
दिव्याखाली एकेकाचं नाव वाचत वाटण्या केल्या.
'सौ. पारूबाईस माहेरकडून.'
'कै. ग्यानोबा सोनटक्के यांच्या स्मरणार्थ.'
'नूरजहाँ, १९९१', टिंबाटिंबानं ठोकलेलं.
एवढी लग्नं, एवढी मरणं
आमच्या ओट्यावर पालथी, पाणी निथळत.

एक ग्लास उरला.
'चि. अंबादास यास, मामाकडून.'
करुणा तीन दिवस गल्लीभर विचारत फिरली.
अंबादास कुणाचाच नाही.
मामा तर नाहीच नाही.

आता पहाटे निघताना
मी त्याच ग्लासानं पाणी पितो.
पाणी तेच, पालिकेचं, आठवड्यानं आलेलं.
पण ग्लास ठेवताना हात जरा सांभाळून ठेवतो,
कुणी मागायला आलं तर.

पुड्या अजून येतात घरात. थोड्या.
तरी एखाद्या मंगळवारी
गाडी आमच्या गल्लीत शिरते,
मी घंटा उगीच जास्त वाजवतो,
आणि करुणा दारातूनच,
पिठाचा हात हलवत, म्हणते,
व्हा फुडं.